सर्दी गेली, वास मात्र परतला नाही

सर्दीने नाक चोंदलं की वास येत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. नाक मोकळं झालं की दोन-चार दिवसांत सगळं पूर्ववत होतं. पण नाक स्वच्छ आहे, श्वास नीट चाललाय, ताप उतरून आठवडे झालेत, आणि तरीही उकळत्या चहातल्या आल्याचा वास येत नाही, जेवण म्हणजे नुसतं चावणं आणि गिळणं झालंय, हे दुखणं निराळं आहे. कोविडमुळे ते घराघरात पोचलं, पण ते कोविडने जन्माला घातलेलं नाही. फ्लू, साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि कोविडच्या कितीतरी आधीपासून माणसांत फिरणारे जुने कोरोना विषाणू यांच्यानंतर वास गेलेले रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञ अनेक दशकं बघत आले आहेत. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं, हेही तेव्हापासूनचं निरीक्षण आहे.

अशा रुग्णांना बहुतेक वेळा "येईल हळूहळू" एवढं सांगून घरी पाठवलं जायचं. अजूनही जातं. बहुतेकांचा वास येतोही. पण हळूहळू म्हणजे किती, तोवर नाकात नेमकं काय चाललेलं असतं, मधेच सगळ्या अन्नाला घाण वास का यायला लागतो, हे त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं.

जीभ किती सांगते, नाक किती

आधी स्वयंपाकघरात एक प्रयोग करून बघा. एक हिरवी वेलची सोलून दाणे थोड्या खडीसाखरेबरोबर कुटा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि ती पूड तोंडात टाकून चावा. गोड लागेल, जिभेला किंचित गारवा जाणवेल, बाकी काही नाही. आता तोंड मिटूनच नाक सोडा आणि नाकावाटे श्वास बाहेर टाका. त्या एका श्वासात वेलची हजर होते. तोंडात ती आधीपासून होतीच; कळली मात्र नाकाला.

जिभेवरच्या स्वादकलिकांना गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखता येतं. उमामी म्हणजे टोमॅटो, मश्रूम, मांसाच्या रश्शात लागतो तो भरीव स्वाद. आपल्या षड्रसांतला तिखट रस स्वादकलिकांकडे जातच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून तिखट 'भाजतं'. पुदिन्याचा, बामचा गारवाही याच नसांचं काम; चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ही ट्रायजेमिनल नस वासाच्या नसेपेक्षा पूर्ण वेगळी आहे. तुरटपणाही बराचसा स्पर्शाचाच प्रकार.

उरलेलं सगळं, म्हणजे हापूस आणि पायरीतला फरक, आंबेमोहोरचा घमघमाट, वरणावर सोडलेलं साजूक तूप, गोडा मसाला, हे नाक सांगतं. घास चावताना सुटलेले गंधरेणू घशाच्या मागच्या बाजूने वर चढून नाकाच्या छतापाशी पोचतात. मेंदू जिभेची आणि नाकाची बातमी एकत्र करतो आणि ते सगळं तोंडातच घडतंय असं आपल्याला वाटत राहतं. म्हणून रुग्ण "तोंडाची चव गेली" म्हणत येतो आणि तपासल्यावर त्याला मीठ खारट, लिंबू आंबट, कारलं कडू व्यवस्थित लागत असतं. त्याची जीभ शाबूत असते, वास गेलेला असतो.

सगळ्यांचं असंच असतं असं मात्र नाही. २०२० मध्ये वास आणि चव यांवर काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी एकत्र येऊन कोविड झालेल्या ४,०३९ लोकांची पाहणी केली. १०० गुणांच्या मापावर लोकांनी स्वतःच दिलेली नोंद अशी: वास सरासरी सुमारे ८० गुणांनी घसरला, चव ६९ गुणांनी, आणि तिखट-गार-झोंबणारं जाणवण्याची क्षमता ३७ गुणांनी. ही तिसरी घसरण मला महत्त्वाची वाटते, कारण मिरचीही न झोंबणं हा नुसत्या वासापुरता मामला राहत नाही. त्यामुळे "चव गेलीय" म्हणणाऱ्याला "नाही हो, तो वास आहे" असं ठामपणे परतवून लावणंही बरोबर नाही. मीठ, साखर, लिंबू आणि कारल्याचा रस जिभेवर थेंब-थेंब ठेवून बघितलं तर घरच्या घरी बराच अंदाज येतो.

नाकाच्या छतावर काय घडतं

नाकाच्या पोकळीत अगदी वर, साधारण डोळ्यांच्या उंचीला, काही चौरस सेंटीमीटरचा एक पातळ पडदा असतो. वास घेणाऱ्या पेशी तिथे असतात, लाखोंच्या संख्येने. या पेशी म्हणजे चक्क मज्जापेशी आहेत. त्यांची टोकं बाहेरच्या हवेत, पातळ चिकट द्रवात बुडालेली. त्यावर केसांहून कितीतरी बारीक तंतू. दुसऱ्या बाजूचा धागा चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर चढतो आणि कवटीच्या आत घ्राणकंद नावाच्या मेंदूच्या भागाला जाऊन मिळतो. मज्जासंस्था इतकी उघड्यावर शरीरात दुसरीकडे कुठेच नाही.

माणसाकडे वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि प्रत्येक पेशी त्यातला जवळजवळ एकच प्रकार बाळगते. या रिसेप्टरची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. कॉफीचा वास म्हणजे एक रेणू नसतो. शेकडो रेणू येतात, कुठलाही रेणू एकाहून अधिक प्रकारच्या रिसेप्टरांना चेतवतो, आणि कोण किती चेतलं याच्या नक्षीवरून मेंदू म्हणतो, कॉफी.

उघड्यावर असल्यामुळे या पेशी मरत राहतात आणि पडद्याच्या तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून नव्या तयार होत राहतात, आयुष्यभर. मज्जापेशी एकदा गेली की गेली, असं आपण शाळेत शिकलो. नाक त्याला अपवाद आहे, आणि वास गेलेल्या माणसाची सगळी आशा या अपवादावर उभी आहे.

कोविडच्या सुरुवातीला भीती अशी होती की विषाणू या मज्जापेशींनाच मारतो आणि त्यांच्या वाटेने मेंदूत शिरतो. हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की विषाणूला पेशीत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन वास घेणाऱ्या मज्जापेशींवर नाहीच. ते आहे त्यांच्या भोवतालच्या आधारपेशींवर आणि तळच्या काही मूळ पेशींवर. आधारपेशी मज्जापेशींना धरून ठेवतात, भोवतालच्या द्रवातलं क्षारांचं प्रमाण राखतात, त्यांना पोसतात, हवेतली विषारी द्रव्यं निकामी करतात. पुढच्या वर्षी युरोपात कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या नाकातल्या ऊतींच्या तपासणीतही विषाणू आधारपेशींमध्येच सापडला.

आधारपेशी कोसळल्या की मज्जापेशींचे तंतू झडतात, पडदा सोलवटतो. शिवाय संसर्ग न झालेल्या मज्जापेशींच्या गाभ्यातही उलथापालथ होते. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॅमस्टर आणि माणूस दोघांमध्ये दाखवलं की आसपासच्या दाहामुळे या पेशींमधली रिसेप्टर बनवणारी जनुकं थंडावतात. पेशी जिवंत असते, पण वास टिपण्याचं साधनच बनवत नाही.

इथून पुढचं गणित समजतं. नुकसान आधारपेशींपुरतं राहिलं तर त्या लवकर भरून येतात आणि एक-दोन आठवड्यांत वास परततो. मज्जापेशीही गेल्या असतील तर नव्या तयार व्हायच्या, त्यांचे धागे हाडाच्या छिद्रांतून घ्राणकंदापर्यंत पोचायचे, योग्य ठिकाणी जुळायचे, याला महिने लागतात. आणि काहींमध्ये विषाणू निघून गेल्यावरही पडद्यात दाह धुमसतच राहतो. ड्यूक विद्यापीठाने २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ वास नसलेल्यांच्या नाकातल्या तुकड्यांमध्ये विषाणू सापडला नाही, पण प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ठाण मांडून होत्या आणि मज्जापेशींची संख्या घटलेली होती.

किती जणांचा परततो

'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली १८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, ३,६९९ रुग्णांचं. त्यानुसार ३० दिवसांत ७४ टक्के लोकांचा वास सुधारला, ९० दिवसांत ९० टक्क्यांचा, १८० दिवसांत ९६ टक्क्यांचा. चवीचे आकडे थोडे अधिक चांगले. स्त्रियांमध्ये आणि सुरुवातीलाच वास पार गेलेल्यांमध्ये सुधारणा तुलनेने कमी. दिलासा देणारेच आकडे आहेत हे. पण जगभर कोट्यवधी लोकांना झालेल्या आजारात उरलेले चार-पाच टक्के म्हणजे किती माणसं, हेही लक्षात घ्यायला हवं.

विषाणूचा अवतार बदलला तसं प्रमाणही बदललं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या नोंदणीत डेल्टाच्या काळात सुमारे ५३ टक्के रुग्णांनी वास गेल्याचं सांगितलं होतं, ओमिक्रॉनच्या काळात १७ टक्क्यांनी.

भारताच्या आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणं कोविडच्या लक्षणांत घातलं ते जून २०२० मध्ये. त्याच वर्षी पुण्यात आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय इथल्या मंडळींनी मोजून-मापून वास सोडणारं एक यंत्र वापरून रुग्ण तपासले. ज्यांना काहीच त्रास नव्हता आणि वासाबद्दल तक्रारही नव्हती, अशा कोविडबाधितांपैकीही बहुतेकांची वास घेण्याची क्षमता उतरलेली निघाली. आपण वासाकडे किती कमी लक्ष देतो, हे याहून स्पष्ट कशाने होणार!

फोडणीचा वास सडका का येतो

आता या आजाराचा सगळ्यात कमी समजून घेतला जाणारा भाग. माझ्या ओळखीतल्या एका काकूंचा वास तापात पूर्ण गेला. दोनेक महिन्यांनी थोडा परतला, सगळे खूश झाले. आणि मग एके दिवशी कांदा परतायला घेतल्यावर त्यांना नाल्यासारखी घाण आली. कढई घासली, तेल बदललं, कांदे बदलले. मग कॉफीला तोच वास, उकडलेल्या अंड्याला तोच, भाजलेल्या खोबऱ्यालाही तोच. जाऊबाईंनी आणलेलं सुकं मटण बघून त्या उठून गेल्या आणि घरात "नखरे वाढलेत" अशी कुजबुज सुरू झाली. त्यांचं वजन उतरत होतं, आणि नाक दुरुस्तीला लागलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

याला पॅरोस्मिया म्हणतात: वास येतो, पण विपर्यस्त. बहुधा तो आजारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो, म्हणजे नव्या पेशी कामाला लागत असताना. रिसेप्टरच्या ४०० प्रकारांपैकी काही परतलेत, काही नाहीत, काहींचे धागे अजून नीट जुळलेले नाहीत. पेटीच्या निम्म्या पट्ट्या मुक्या असताना ओळखीची चीज वाजवली तर जे कानावर पडेल, तसलं काहीतरी मेंदूपर्यंत पोचतं.

मग सगळेच वास का बिघडत नाहीत? इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात जेन पार्कर यांच्या गटाने कॉफीचा वास यंत्रातून एकेका घटकात वेगळा केला आणि पॅरोस्मिया असलेल्या लोकांना यंत्राच्या तोंडाशी बसवून ते घटक हुंगायला दिले. बहुतेक घटकांचं त्यांना काहीच वाटलं नाही. काही मोजक्यांनी मात्र शिसारी आणली, आणि त्यात सर्वांत पुढे होतं २-फ्युरानमिथेनथायॉल, निरोगी नाकाला भाजक्या कॉफीसारखं वाटणारं गंधकयुक्त संयुग. असे रेणू हवेत अगदी अत्यल्प असले तरी नाकाला कळतात. भाजणं, तळणं, परतणं यातून ते आणि त्यांचे भाऊबंद तयार होतात; कांदा-लसणात गंधकाची संयुगं मुळातच भरपूर.

आता आपलं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. कांदा-खोबऱ्याचं वाटण, लसणाची फोडणी, भाजलेले शेंगदाणे. पॅरोस्मियाच्या माणसासाठी हे घर दिवसातून दोनदा असह्य होतं. त्याला "थोडं तरी खा" म्हणत गरम रस्सा पुढे करण्यात अर्थ नाही. गार किंवा कोमट, न भाजलेलं, न तळलेलं अन्न बऱ्याच जणांना चालतं: दहीभात, ताक, काकडीची कोशिंबीर, फळं, इडली, पनीर. फोडणी घालताना खिडकी उघडी ठेवा, त्याला दुसऱ्या खोलीत बसू द्या. टूथपेस्टचाही त्रास होतो. सौम्य वासाची शोधावी लागते. कोणत्या पदार्थाने मळमळतं याची वही ठेवली तर आठवडाभरात नमुना दिसायला लागतो.

काहींना आसपास काहीच नसताना जळकट किंवा धुराचा वास येतो. तो भासही याच घराण्यातला. पॅरोस्मिया बहुतेकांमध्ये महिन्यांनी ओसरतो, काहींमध्ये वर्षाहून जास्त रेंगाळतो.

उपाय: जे करण्यासारखं आहे ते

जर्मनीत ड्रेस्डेन इथे टोमास हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. वास गेलेल्या ४० जणांनी १२ आठवडे, दिवसातून दोनदा, चार वास लक्षपूर्वक हुंगले: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. १६ जणांनी काही केलं नाही. हुंगणाऱ्यांमध्ये सुधारणा जास्त दिसली. तेव्हापासून ही 'गंधसाधना' म्हणावी अशी पद्धत जगभर पहिला उपाय म्हणून सांगितली जाते. फार मोठा चमत्कार ती करत नाही, प्रत्येकाला लाभतेच असंही नाही, पण ती निर्धोक आहे, स्वस्त आहे आणि रुग्णाच्या हातात आहे.

चारही वस्तू आपल्याकडे सहज मिळतात. चार लहान बाटल्या घ्या: एकीत ठेचलेल्या लवंगा, दुसरीत लिंबाची ताजी किसलेली साल (रोज बदलायची), तिसरीत कापसावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब, चौथीत कापसावर गुलाबाचं अत्तर. सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली नाकाजवळ धरून वीसेक सेकंद हलके हलके हुंगा आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आठवत राहा. पहिले काही आठवडे काहीही न जाणवणं अपेक्षितच आहे. तिथेच लोक सोडून देतात. किमान तीन महिने चालू ठेवा, नंतर वास बदलून पुढेही करता येतं. तेल नाकात घालायचं नाही, आणि निलगिरीची बाटली लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

एक फसगत सांगून ठेवतो. निलगिरी किंवा बाम नाकाशी नेल्यावर झणका जाणवला म्हणजे वास परतला असं नव्हे. तो गारवा ट्रायजेमिनल नसेचा. गुलाबासारख्या न झोंबणाऱ्या वासावरून खरी प्रगती कळते.

स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. विषाणूनंतर गेलेला वास त्यांनी परततो याचा भक्कम पुरावा नाही, आणि मधुमेह असताना स्टिरॉइडचा बेताल वापर झाला की काय होतं हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत बघितलं आहे. झिंकच्या गोळ्यांबद्दलही पुरावा असाच तोकडा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्याने चोंदलेलं नाक साफ होतं, तेवढाच त्याचा उपयोग.

महिन्याभरात काहीच फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. एकाच नाकपुडीचा वास गेला, रक्त येतं, डोक्याला मार लागल्यानंतर हे सुरू झालं, किंवा सर्दी-ताप काहीच नसताना वास हळूहळू कमी होत गेला, तर महिनाभरसुद्धा थांबू नये. नाकातला मांसल कोंब किंवा पार्किन्सनसारखा आजारही यामागे असू शकतो.

घरात घ्यायची काळजी

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याला वासच येत नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था निरुपयोगी आहे. वास गेलेली व्यक्ती, विशेषतः वयस्कर आणि एकटी राहणारी, घरात असेल तर गळती ओळखून वाजणारं उपकरण बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा, आणि गॅस गळतीचा १९०६ हा आपत्कालीन क्रमांक ओट्याजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख चिकटवा. आंबलेली भाजी हुंगून ओळखण्याची सोय आता नाही. दूध तापवायला ठेवून बाहेर जायचं नाही.

मनाचंही बघायला हवं. वासाची वाट मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत फार थेट जाते, त्यामुळे वास गेल्यावर लोकांना सगळं काचेपलीकडे असल्यासारखं परकं वाटतं. आईला तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास येत नाही. आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का या धास्तीने माणसं चार चौघांत जाणं टाळतात. कुणी जेवणच सोडतं, कुणी चवीच्या शोधात दुप्पट खातं. यात नखरे नाहीत, आणि दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली तर त्यावरही उपचार घ्यायचे असतात.

जेवणात जे उरलंय त्याचा उपयोग करून घ्या. जीभ खारट-आंबट-गोड ओळखते, तोंडाला तिखट, गार-गरम, कुरकुरीत-मऊ कळतं. म्हणून मऊ खिचडीपेक्षा खिचडीबरोबर भाजका पापड, वर लिंबू, बाजूला कैरीचा तक्कू आणि गार दही असं ताट अशा माणसाला जास्त जेववतं. भेळेतला कुरकुरीतपणा आणि चिंचेचा आंबटपणा कित्येकांना पोचतो. फक्त मीठ आणि साखर वाढवत नेऊ नका. वासाची उणीव त्यांनी भरून निघत नाही, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर नवंच दुखणं मागे लागतं.